भागाआत्या माघारी गेली

यावल
६ फेब्रुवारी २०२५

ती. कमलअक्कास,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्यासाठी स्पीकर लावला की सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं, म्हणून तो पोस्टमन अजून आपल्या कामाला आहे. तुझ्या नवलला माझं अक्षर लागत नाही हे एक बरं. सातवी पास माणसाच्या अक्षराला एवढं तरी कुलूप असावं.

पत्रात तू स्वतःच्या गुडघ्यांबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि भागाआत्याच्या गुडघ्यांबद्दल पानभर. 'नांदतं घर' ही मालिका एकदाची संपली ते बरं झालं. चार वर्षं त्या घरात कोणी नांदलं नाही. एक सून दोनदा मेली, सासऱ्याची स्मृती तीनदा गेली आणि दर सणाला तेवढ्यापुरती परत आली. त्यात माणसासारखं माणूस एकच, भागाआत्या. नवरा गेलेली, मुलाच्या मुंबईच्या घरात कोपऱ्यात बसून सगळ्यांना टोचून बोलणारी. शेवटच्या भागात ती पत्र्याची पेटी घेऊन एकटी गावच्या एसटीत बसली, मागे वळून पाहिलं नाही, आणि इकडे धुळ्यात तू डोळ्याला पदर लावलास. मीही पाहिला तो भाग. तुझी भावजय इंदिराबाई पाहत होती, नाइलाज झाला.

आता तिच्या एकटीवर नवी मालिका येणार, नावही 'भागाआत्या'. तुझा नातू तेजस तिला स्पिनऑफ म्हणतो असं तू लिहितेस. आमच्याकडे त्याला पिलबाग म्हणतात. केळीचा घड उतरला की थोरलं खोड कापायचं आणि बुडाशी फुटलेलं एक पिल राखायचं, त्याचाच पुढचा बाग. लागवड वाचते. पण अक्का, पिलालाही माती लावावी लागते, खत द्यावं लागतं. थोरल्या खोडाला चांगला घड लागला होता म्हणून पिलाला आपोआप लागत नाही. चॅनलवाल्यांच्या हाताला माती लागलेली मी अजून पाहिली नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तू शेवटी लिहितेस की भागाआत्या गावी टिकते की नाही ते पाहायचं, आणि मगच नवलजवळ पहूरचा विषय काढायचा. भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं पहूरच्या त्या दोन खोल्यांना कुलूप आहे. तिथे जाऊन अडुसष्टाव्या वर्षी तुला एकटीनं राहायचंय, आणि हिंमत मागायचीय ती एका नटीकडून. ती नटी एसटीतून पहिल्या वळणावर उतरून थंडगार गाडीत बसली असेल. रात्री गुडघा धरला तर पहूरला कोण उठेल? नवल तुला दुखवत नाही, रूपा पानात वाढते. माझं ऐक आणि धुळ्यातच राहा.

रागावलीस तरी उत्तर लिही, रागात तुझं अक्षर वळणदार येतं. धाकट्यावरची माया आहे तेवढी राहू दे, वाढव म्हणत नाही.

तुझा
गिरधर


धुळे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. गिरधर यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर वळणदार आलंय का बघ.

नवल मला दुखवत नाही, हे तू मला सांगतोस? मी त्याची आई आहे, मला माहीत आहे. रूपाही चांगली. मी स्वयंपाकघरात गेले की म्हणते, आई, तुम्ही बसा. मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या की म्हणते, आई, तुम्ही बसा. तीन वर्षं बसलेय. पहूरला मी म्हशीचं दूध काढत होते, भांडणं सोडवत होते, लावतही होते. इथं माझ्या हातून एक कांदा चिरला जात नाही.

नवलनं माझ्या खोलीत वेगळा टीव्ही लावून दिला. आल्यागेल्याला दाखवतात, आईचे लाड. लाड खरेच, पण टीव्ही आल्यापासून मला हॉलमध्ये कोणी बोलावत नाही. आवाज मोठा होतो म्हणून दार लोटून घेतात. त्या लोटलेल्या दाराआड मला भागाआत्या भेटली. तिलाही तिचा मुलगा म्हणायचा, आई, तू बस. म्हणून रडले मी. तू केळी विक.

नव्या मालिकेची मला आशा आहे तशी धास्तीही आहे. खालच्या मजल्यावरची कुंदाबाई म्हणते, भागाआत्याला गावी जुना प्रियकर भेटणार. मी म्हटलं, तिला आधी पाण्याचा टँकर भेटू दे. मला एवढंच बघायचंय की ती कुलूप काढते, जाळी झाडते, पहिल्या रात्री एकटी जेवते आणि सकाळी उठते. ती उठली तर मीही उठेन. एवढं लिहायला त्या लेखकांना जमणार नाही का? देवळातली घंटा आपोआप वाजवू नये आणि हरवलेली जुळी बहीण आणू नये, एवढीच प्रार्थना.

इंदिराबाईला ज्वारीच्या बिबड्या वाळवताना थोड्या जास्त कर म्हणावं, इथल्या विकतच्या बिबड्यांना चव नाही. तुझ्यावर माझा राग आहे, आणि ज्याच्यावर राग तोच माझा, हे तुला ठाऊक आहे.

तुझी अक्का
कमलबाई


यावल
२८ एप्रिल २०२५

ती. कमलअक्कास,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

आता बैस आणि मग वाच. तुझी भागाआत्या सध्या माझ्या बागेत आहे.

खरंच लिहितोय. जागा पाहणारे लोक आले, सातपुड्याच्या बाजूचा आपला बाग त्यांना आवडला. मी नाही म्हणणार होतो, पण इंदिराबाईनं त्यांना चहाबरोबर शेवही दिली, तेव्हा समजलो की निर्णय झालेला आहे. चार दिवस ऊन असं की कावळाही बोलत नव्हता, आणि त्या उन्हात ही मंडळी श्रावण उभा करत होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी झाडावर पिवळी केळी मागितली. म्हटलं, केळी हिरवीच उतरवतात, झाडावर पिवळी झाली म्हणजे मालक मेला किंवा पळाला. तर म्हणे, प्रेक्षकाला कळलं पाहिजे की ही केळी आहेत. शेवटी माझ्याच पिकवणीच्या खोलीतल्या पिवळ्या फण्या आणून सुतळीनं घडाला बांधल्या. भागाआत्या खालून वर पाहून म्हणाली की मातीची माया कधी आटत नाही, आणि एक फणी तिच्या खांद्यावर पडली. तो तुकडा त्यांनी ठेवला नाही. सगळ्या शूटिंगमधला तेवढाच खरा होता.

बोलण्याचं तर विचारू नकोस. बाई यावलची दाखवली आहे आणि दर वाक्याला 'आहे'च्या जागी शे, शे करते. तसं बोलणं तुमच्या धुळ्या-साक्रीकडचं. आमच्या गल्लीत असं बोलली असती तर बायकांनी आधी सासर कुठलं ते विचारलं असतं.

पण कळस झाला तो कानबाईला. श्रावणात बसवायची आपली कानबाई देवी यांनी वैशाखाच्या तोंडावर बसवली. नारळाला डोळे, नथ, सगळं नीट होतं, ते इंदिराबाईनं करून दिलं. मग भागाआत्यानं प्रसादाचे गव्हाचे रोट भाजले आणि परातीत घेऊन गावभर वाटत सुटली. पोस्टमनला रोट, टेम्पोवाल्याला रोट, शाळेतल्या पोरांना रोट. इंदिराबाईला राहवलं नाही. तिनं जाऊन सांगितलं की रोट म्हणजे पेढे नव्हेत, ते आपल्या कुळाबाहेर जात नाहीत, भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यावर त्यांच्यातली एक चष्म्याची मुलगी गोड हसली आणि म्हणाली की काकू, वाटताना छान दिसतं.

आता महत्त्वाचं. दुपारी दिग्दर्शक आणि लेखक बांधावर ताडपत्रीच्या सावलीत बसले होते. मी शेजारी पाटाचं पाणी वळवत होतो. डोक्याला उपरणं पाहून त्यांना वाटलं राखणदार असेल. हिंदीत मोकळं बोलले. अक्का, सावद्याला वॅगनमध्ये घड भरणारा पोरगा होतो मी. दिल्लीचे व्यापारी माझ्या देखत माझ्या मालाचा भाव पाडायची भाषा करायचे आणि मी खाली मान घालून ऐकायचो. त्या कानांवर मी घर बांधलं. ते कान सांगतात ते ऐक. भागाआत्या गावी महिनाभरच आहे. मग आजारी पडणार, मुलगा येणार, ती त्याच्या गळ्यात पडून चुकले म्हणणार आणि मुंबईला माघारी जाणार. पुढची सगळी मालिका तिच्या नातीच्या कॉलेजची. गावातलं शूटिंग महाग पडतं, आणि म्हातारीला तरुण प्रेक्षक नाही, असं त्यांचं ठरलेलं आहे.

तर झालं. तुझी भागाआत्याच माघारी जाते. आता तूही पहूरचं मनातून काढ. हे मी हसत लिहीत नाही.

बिबड्या वेगळ्या पार्सलनं पाठवल्यात. आमच्यावरचं तुझं छत्र असंच असू दे.

तुझा
गिरधर


धुळे
९ मे २०२५

चि. गिरधर यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

बिबड्या पोचल्या. निम्म्या मोडल्यात, पण चव शाबूत आहे.

तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे, त्या लोकांच्या तोंडावर नाही. शूटिंगवाले आज एक बोलतात आणि उद्या दुसरं दाखवतात. एवढी मोठी जाहिरात रोज लागते, भागाआत्या कमरेला किल्ली खोचून म्हणते, हे माझं घर. कुंदाबाई, मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी, सगळ्या वाट पाहतोय. तिसऱ्या मजल्यावरची एक तर म्हणते की ती माघारी गेली तर मी केबल काढून टाकीन. काढणार नाही, पण बोलली तरी.

मी स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही. तोवर मला सल्ला लिहू नकोस, हवापाणी लिही.

एक गोष्ट मात्र परत विचारते. रोट खरोखर गावभर वाटले? परात रिकामी झाली? घरी एकही ठेवला नाही? इंदिराबाईला नीट विचारून कळव. मला त्या रोटांनी झोप येत नाहीये.

आपल्या गेलेल्या आजीची आठवण काढतोस तशी माझीही काढत जा, जिवंतपणी.

तुझी
अक्का


यावल
१६ जुलै २०२५

ती. कमलअक्कास,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

इंदिराबाईला विचारलं. परात रिकामी झाली, शेवटचा रोट जनरेटरवाल्यानं खाल्ला. एवढं कशाला हवं होतं ते तुलाच माहीत.

बाकी तू पाहिलंसच. पहिले आठ-दहा भाग बरे गेले, खोटं बोलणार नाही. तिनं कुलूप काढलं तेव्हा इंदिराबाईनं टाळी वाजवली. जाळी झाडली, एकटी जेवली, सकाळी उठली. मी तुझ्यासाठी मनातून थोडा पघळलोही. मग ताप आला. वाऱ्यानं खिडकी आपटली, तांब्या लवंडला, ती अंधाऱ्या घरात आडवी पडून मुलाचं नाव घेत राहिली. ज्यांना रोट वाटले त्यातला एकही फिरकला नाही. मुलगा आला, ती गळ्यात पडली, चुकले म्हणाली. चार वर्षं सगळ्या घराला टोचणारी जीभ त्यांनी एका तांब्याभर पाण्यात बुडवली. काल तर तिनं नातीची बॅग भरून दिली आणि पडद्यावर तिचं कामच संपलं.

पिलबाग असा केला तर शेतकऱ्याला शेजारी उभं करत नाहीत. थोरलं खोड कापलं, पिलही कापलं, आणि तिथं प्लास्टिकचं झाड लावलं.

पण मी सांगितलं ते झालं की नाही? नवलचा फोन होता. खुशीत होता. म्हणाला की मामा, आईनं पहूरचं नाव घेणं सोडलं, मालिकेचा उपयोग झाला. मीही त्याला होकार दिला. मग फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं नाही. तुझं दोन महिन्यांत पत्र नाही. तू भांडत नाहीस म्हणजे एक तर आजारी आहेस किंवा काही शिजवतेस. यातलं काय ते कळव. नुसतं शिव्यांचं कार्ड आलं तरी मी ते आशीर्वाद म्हणून घेईन.

तुझा
गिरधर


पहूर
२५ जुलै २०२५

चि. गिरधर यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

वर गावाचं नाव वाचलंस ना? परत वाच, चूक नाही.

परवा आले. अर्ध्या तिकिटात जळगाव, तिथून दुसऱ्या एसटीनं पहूर. चोरून आले नाही. सकाळी चहाला नवलला म्हटलं, मी पहूरला चालले, आता तिथंच राहणार. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, बरं झालं, मागच्या आठवड्यात तर ती मुंबईला गेली होती ना. त्याला वाटलं मी भागाआत्याची गोष्ट सांगतेय. मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाला की मग आता नवीन नटी घेतली का. तेव्हा मी पिशवी उचलली. रूपाच्या मात्र लक्षात आलं. ती दारापर्यंत आली, औषधाची पुडी पिशवीत टाकली आणि बाजूला झाली. त्या मुलीला मी कमी ओळखलं होतं.

कुलूप गंजलं होतं. चुलत जाऊबाई कोकिळा घासलेटाची बाटली घेऊन आली. जाळी आम्ही दोघींनी झाडली. पहिल्या रात्री मला ताप आला नाही. खिडकी आपटली, ती उठून लावली. एवढ्यासाठी त्यांनी एक आख्खी बाई मुंबईला धाडली.

आता ऐक. मला झोप का नव्हती ते सांगते. भागाआत्या हरली ती तापानं नाही, रोटांनी. कानबाईला घरातल्या एकेका पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. ते बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, राखीच्या पौर्णिमेआत आपल्या कुळानंच बसून संपवायचे. आपल्या म्हाताऱ्यांनी ही रीत उगाच घातली असेल का? ज्याच्या नावचे गहू, त्याला घरी यावं लागतं. आणि या शहाण्यांनी परात गावभर रिकामी केली, कारण वाटताना छान दिसतं. संपलं. मुलाला गावी यायचं कारणच उरलं नाही, मग तिला जावं लागलं. तिला रीत माहीत असती तर मुलगा तिच्या ओट्यावर येऊन जेवला असता आणि गुपचूप परत गेला असता.

नागपंचमीनंतरच्या रविवारी मी कानबाई बसवतेय. हे गेल्यापासून आमची कानबाई बंदच होती, नवल म्हणायचा फ्लॅटमध्ये कुठं. सवाष्णीचं सगळं कोकिळा करणार, दळण माझ्या हातचं. नवलच्या नावे सव्वा मूठ, तेजसच्या नावे सव्वा मूठ. मूठ माझी आहे, आणि माझी मूठ तुला लहानपणापासून माहीत आहे, चांगली मोठी आहे.

तूही ये. पुरणपोळी खा, खीर खा, गिलक्याची भजी खा. रोट मात्र मिळणार नाही, तू माहेरचा.

तुझ्या कानांना आणि इंदिराबाईच्या जिभेला आशीर्वाद.

तुझी
अक्का


यावल
३० जुलै २०२५

ती. कमलअक्कास,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

मी हरलो असं लिहीत नाही, उगाच तुझ्या डोक्यात जाईल.

नवलचा फोन तीनदा आला. पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, की मीच तुला फूस लावली. इतकी वर्षं तुला धुळ्यात राहा म्हणून लिहितोय, तर हे बक्षीस. दुसऱ्यांदा म्हणाला, लोक काय म्हणतील, मुलानं आईला घालवलं म्हणतील. मी म्हटलं, आई घरात होती तेव्हा दार लोटलेलं असायचं, ते लोकांना दिसत नव्हतं म्हणून चाललं. त्यानं फोन ठेवला. तिसऱ्यांदा मी त्याला रोटांचं सांगितलं. त्याच्या नावचे गहू दळले गेलेत, आता तो बांधलेला आहे. त्यानं विचारलं, की मामा, कुरिअरनं येतील का. म्हटलं, कुरिअरवाला तुमच्या कुळातला असेल तर येतील.

तो गाडी घेऊन येतोय. एक सांगून ठेवतो, मागची सीट त्यानं तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. तुझं सामान भरून न्यायचं त्याच्या मनात आहे. मी आवाजावरून ओळखलं. तुझ्या परातीपुढे त्याची गाडी टिकते की नाही ते पाहायला मीही येतो. पुरणपोळीवर समाधान मानीन, तेवढा मान ठेव.

तुझा
गिरधर


पहूर
११ ऑगस्ट २०२५

चि. गिरधर यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू सोमवारी वाघूर नदीवर कानबाईचं विसर्जन बघून निघालास, पुढचं तुला कळवायला हवं. राखी पोचली असेल. बांधायला तुझी नात मोनाली आहे ना घरात, तिच्याकडून बांधून घेतली असशील, स्वतः गाठ मारली नसशील.

तू गेल्यावर नवल आला, तेव्हा ओट्यावर टेकलाही नाही, उभ्यानंच म्हणाला की आई, सामान भर. मी म्हटलं, भरते, आधी रोट संपव, टाकता येत नाहीत. त्यानं परात पाहिली. रूपाकडे पाहिलं. रूपानं साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, आई, आता मला तू बस म्हणू नका, मला दूध तापवायचंय, चूल कशी पेटवतात ते दाखवा. तेजसनं दोन रोट दुधात कुस्करून खाल्ले आणि भागाआत्यालासुद्धा असं खायला मिळालं नसेल म्हणाला. नवलला रोट जड पडतो. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. त्याचं ऑफिस फोनवर चाललं होतं, ओट्यावर बसून. तिथं येणारेजाणारे त्याला ओळखायला लागले. हे, त्याचे वडील, बसायचे तीच जागा. एका संध्याकाळी गल्लीतले उखर्डूआबा काठी टेकत आले आणि त्याला त्याचे वडील समजून झुलाल म्हणून हाक मारली. नवलनं ओ दिली, दुरुस्त केलं नाही.

शेवटचा रोट पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपला. मी पिशवी काढली आणि म्हटलं, चला. खरंच काढली होती, गिरधर. मी त्याला अडवायला कानबाई नव्हती बसवली, फक्त बोलवायला बसवली होती. तो न्यायचं म्हणाला असता तर मी गेले असते.

तो उठला. गाडीपाशी गेला, मागची डिकी उघडली. आतून माझा टीव्ही काढला. धुळ्याहून येतानाच आणला होता, खोक्यात, वर चादर टाकून. तुला वाटलं त्याच्या मनात एकच आहे. त्याच्या मनात दोन्ही होतं, आणि कुठलं खरं करायचं ते त्यानं रोट खाताखाता ठरवलं. तुझे कान तेवढे लांब नाहीत.

म्हणाला, रात्री एकटीला करमणार नाही. कोपऱ्यात खोका ठेवला, माझ्या पाया पडला आणि गेला. जाताना विचारत होता, दिवाळीच्या आधी कुळाचं आणखी काही असतं का. मी म्हटलं, शोधते.

खोका अजून फोडला नाही. त्यावर कोकिळेनं शेवया वाळत घातल्यात. भागाआत्याचं पुढं काय झालं ते कुंदाबाई फोनवर सांगत होती, मला ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी ये, इंदिराबाईलाही आण. रोट तेव्हाही मिळणार नाही.

तुझी
अक्का